नांदायला गेलेला मुलगा

आमच्या कऱ्हाडला एखादा मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला की ती बातमी पाहुण्यारावळ्यांच्या आधी चौकातल्या फ्लेक्सला कळते. 'अभिनंदन' तीनदा लिहिलेलं, दर खेपेला एक उद्गारचिन्ह वाढलेलं. खाली 'जर्मनी येथे निवड झाल्याबद्दल'. ही निवड एखाद्या कंपनीने केलेली नसून जर्मनीच्या संसदेने एकमताने केली असावी, असा त्याचा थाट. शुभेच्छुकांचे पंधरा-वीस चेहरे, बरेचसे गॉगल लावलेले. ज्याची निवड झाली त्याचा फोटो त्या गर्दीत शोधावा लागतो. मग पतसंस्थेच्या सभागृहात सत्कार, शाल, नारळ. माझ्या सत्काराला एक वक्ते तावातावाने म्हणाले, "घरदार सोडायचं, परक्या मुलखात जायचं, परक्या माणसांत राहायचं, ते देतील ते खायचं, ते बोलतील तसं बोलायचं! हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही!" टाळ्या पडल्या.

आई पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होती. घरी आल्यावर सत्काराचा नारळ फोडता फोडता ती म्हणाली, "मी चिपळूणहून इथे आले तेव्हा मला कुणी नारळ दिला नव्हता. आम्हीच दोन पोती दिले होते."

परदेशी जाण्याबद्दल मला ज्यांनी ज्यांनी काही सांगितलं, त्यांत इतकं नेमकं कुणीच बोललं नाही. मुलगा लांब गेला तर ते धाडस आणि मुलगी लांब दिली तर ती रीत, असा आपल्याकडचा हिशेब. त्या वक्त्यांनी वर्णिलेलं धाडस निम्म्या गावाने विशी-बाविशीतच करून टाकलेलं असतं आणि सत्काराच्या वेळी ते निम्मं गाव मागे उभं राहून चहाचे कप भरत असतं.

आई १९९०च्या सुमारास एसटीने कुंभार्ली घाट चढून सासरी आली. घाटाखाली तांदळाची भाकरी, ओलं खोबरं, आमसूल. घाटावर ज्वारीची भाकरी, दाण्याचं कूट, चिंच. तिच्या पहिल्या भाकऱ्या तव्यावर जाईपर्यंत चार ठिकाणी तुटायच्या आणि आजी त्या तुकड्यांकडे काही न बोलता बघत बसायची. मी स्टुटगार्टला गेलो तेव्हा व्यवस्थापनाचं एक पुस्तक, दोन मित्रांचे अनुभव आणि यूट्यूबवरचे असंख्य व्हिडिओ पचवून गेलो होतो. उपयोगी पडली ती आई.

जर्मनीच का, हे आधी सांगायला हवं. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाची दरवर्षी सोडत निघते, जागा ८५ हजार. आमच्या घराण्याचं नाव म्हाडाच्या सोडतीतही कधी लागलेलं नाही, तेव्हा तो नाद सोडला. जर्मनीत २०१२पासून ब्लू कार्डाची सोय आहे. पदवी मान्यतेची हवी आणि पगार एका रेघेच्या वर हवा. ही रेघ दरवर्षी सरकते. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती. नुकतीच पदवी घेतलेल्यांना आणि टंचाईच्या धंद्यांतल्यांना थोडी सवलत, म्हणजे ४३,७५९ युरो आणि ८० सेंट. ज्या देशाचं सरकार परक्या पोराच्या पगाराची अट घालताना वरचे ८० सेंट सोडत नाही, त्या देशात आपलं कसं व्हायचं, ही शंका खरं तर तिथेच यायला हवी. पण मामांनी तोवर रेघेचा आकडा शंभराने गुणून साऱ्या सोयऱ्यांना कळवलाही होता. प्राप्तिकर, आरोग्यविमा, पेन्शन, बेकारीविमा आणि म्हातारपणी कुणी सांभाळावं म्हणून आणखी एक विमा, एवढं कापून एकट्या माणसाच्या हाती साधारण दोन तृतीयांश पडतात, ही वजाबाकी मामांच्या गुणाकारात बसत नव्हती. आईने एवढंच विचारलं, "आणि भाडं?"

बाबांनी आपल्या परीने चौकशी केली. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत हे त्यांना कुठेसं वाचायला मिळालं आणि तेवढ्यावर त्यांनी स्टुटगार्टला नात्यातलं ठरवून टाकलं. तिथल्या रेल्वे स्टेशनचं मोठं काम २०१०मध्ये सुरू झालं, ते २०१९ला पुरं व्हायचं होतं आणि तारीख पुढे पुढेच सरकते आहे, हे कळल्यावर तर त्यांची खातरीच पटली की मुलगा ओळखीच्या ठिकाणी चालला आहे.

मग बघण्याचा कार्यक्रम. कंपनीच्या मुलाखती झाल्या, पण मुलगा कसा आहे हे पुढचं. आधी घराणं बघतात. जगभरातली विद्यापीठं जर्मनांनी एका सरकारी यादीत नोंदवून ठेवली आहेत आणि तिथे आपल्या विद्यापीठापुढे 'एच प्लस' असा शेरा असावा लागतो. तो आहे की नाही हे मी रात्री उठून पुन्हा पुन्हा पाहायचो. पदवी, गुणपत्रकं, नोकरीचा करार, विम्याचा कागद, ठरावीक मापाचे आणि चेहऱ्यावर हसू नसलेले फोटो, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. व्हिसाच्या खिडकीमागच्या बाईंनी एकेक कागद उलटून पाहिला. "मला चार प्रश्न विचारले," आई म्हणाली, "आणि पोहे कुणी केले ते विचारलं. पोहे माझ्या काकूने केले होते. मी म्हटलं, मी केले." व्हिसाच्या अर्जात असं काही चालत नाही, हे मी तिला समजावलं. "लग्नातही चालत नाही," ती म्हणाली. "पुढे मलाच करावे लागले."

भाषेची तयारी मी पुण्यात केली. नोकरी चाकणला आणि वर्ग बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात. शनिवारी सकाळी चाकणहून पुण्याच्या रस्त्याने जो गेला असेल त्याला जर्मन व्याकरणाचं भय उरत नाही. ज्या पंडिताने आयुष्य ऑक्सफर्डला काढलं आणि भारतात कधी पाऊलही टाकलं नाही, त्याच्या नावाच्या इमारतीत बसून आम्ही जर्मनीत पाऊल कसं टाकावं हे शिकत होतो. बी-वन पातळीपर्यंत मजल गेली. ब्लू कार्डवाल्याला बी-वन येत असेल तर २१ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, नसेल तर २७ महिन्यांत. सहा महिने वाचवण्यासाठी माणूस विभक्तिप्रत्ययसुद्धा पाठ करतो. आणि मग स्टुटगार्टला उतरल्यावर कळतं की तिथली माणसं श्वाबेन मुलखाची. ती बोलतात त्यातलं अक्षर पुस्तकात नाही. बेकरीतल्या बाईंनी मला काहीतरी विचारलं, मी पुस्तकी जर्मनमध्ये शुद्ध उत्तर दिलं आणि त्यांनी मला इंग्रजीत पाव दिला. आईला हे सांगितल्यावर ती खुशीत आली. ती आली तेव्हा कऱ्हाडच्या बायकाही तिच्या अनुनासिकांना हसायच्या म्हणे. "वर्षभर कमी बोलायचं आणि जास्त ऐकायचं," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, पोरगी गुणाची आहे."

सामान भरण्याचा सोहळा सगळ्यांच्याच घरी होतो, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. २३ किलोच्या बॅगा, स्प्रिंगचा काटा, तो काटा धरणारे बाबा, आकडा वाचणारी बहीण आणि प्रत्येक वेळी "हे एवढंसं तर आहे" म्हणत काहीतरी कोंबणारी आई. कांदा-लसणाची चटणी, मेतकूट, कूट, कुकर, पोळपाट. अडलं ते साताऱ्याच्या कंदी पेढ्यांवर. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. हे मी वाचून दाखवलं तेव्हा आत्याचा चेहरा पडला. देशच बरोबर नसावा असं तिला वाटलं. ते पेढे अखेर मुंबई विमानतळाच्या बाहेर मध्यरात्री सगळ्यांनी उभ्या उभ्या संपवले. पाठवणी पेढ्यांवर झाली आणि पेढे पाठवणाऱ्यांनी खाल्ले.

घर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर. चावी घेऊन दार उघडलं तर स्वयंपाकघरात स्वयंपाकघर नव्हतं. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. भिंतीतून पाण्याचा एक नळ बाहेर आलेला आणि छतातून दोन वायरी लोंबणाऱ्या. जर्मनीत भाडेकरू घर सोडताना पुष्कळदा अख्खं स्वयंपाकघर उचलून नेतो, दिवे काढून नेतो, आणि हे इतकं रीतसर आहे की त्याबद्दल विचारणाराच अडाणी ठरतो. तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत त्या रिकाम्या भिंतींसाठी दिली होती. आईला व्हिडिओवर सगळं फिरवून दाखवलं. तिने फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला असतो, त्यामुळे मला तिचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. कपाळावर आठी पडलेली दिसली. "मला निदान चूल तयार मिळाली होती," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण तिच्यावर माझं काही ठेवायला चार वर्षं लागली. तू उद्या तुझी मांड. हे बरं आहे की."

दारावर नाव लावायचं, हे तिथलं पहिलं कर्तव्य. जर्मन इमारतींत बहुधा खोल्यांना क्रमांक नसतात. घंटीवर आणि टपालाच्या पेटीवर आडनाव असेल तर तुम्ही तिथे राहता, नसेल तर पोस्टमनच्या लेखी तुम्ही नाहीच. माझं आडनाव त्या पट्टीवर मावेना. शेवटची दोन अक्षरं गाळून मालकांनी ती बसवली आणि पुढे टपालही त्याच नावाने यायला लागलं. मी जरा कुरकुरलो. आईने शांतपणे आठवण करून दिली की तिचं तर आडनाव, मधलं नाव आणि पाळण्यातलं नाव, तिन्ही एका दुपारी बदललं होतं, तेही तांदळाच्या ताटात बोटाने लिहून. कल्याणच्या यमुनेचं नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदी जोशी झाली, आणि हीच आनंदीबाई १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला जाऊन १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. अमेरिकेला जायच्या आधीच एक स्थलांतर तिने उरकलेलं होतं. १९२८ मध्ये बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे यांचंही तेच; त्याही एका नामांकित घरच्या सून होऊन मग गेल्या. या दोघींच्या धाडसाबद्दल लिहिताना आपण बोटीपासून सुरुवात करतो. माझ्या मते एक प्रकरण आधीपासून करायला हवी.

नाव लागलं आणि टपाल सुरू झालं. माझ्या पिढीला पत्र येणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत नोंद करावी लागते. तिथे धर्मही विचारतात. चर्चमध्ये नाव असलं तर त्या प्रांतात प्राप्तिकराच्या आठ टक्के चर्चकर कापला जातो, म्हणून. इथे धर्म विचारला की मत मागणार आणि तिथे विचारला की कर मागणार, एवढा फरक. ती नोंद झाली की सगळ्या जर्मनीला तुमचा पत्ता लागतो. अकरा आकडी करक्रमांकाचं पत्र, विमेवाल्यांचं पत्र, बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, आणि मग दूरदर्शन-आकाशवाणीवाल्यांचं: घरटी महिना १८ युरो ३६ सेंट, टीव्ही असो वा नसो. मी उत्साहाने कळवलं की माझ्याकडे टीव्ही नाही. त्यांनी तितक्याच आदराने, पत्राने, कळवलं की त्याने काही फरक पडत नाही. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला 'अतिशय सन्माननीय' असं संबोधन असतं. इतक्या सन्मानाने इतके पैसे माझ्याकडे आजवर कुणी मागितले नव्हते.

आता केरवोखे. नोकरीबद्दल मी काही लिहिलेलं नाही हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. नोकरीत लिहिण्यासारखं फारसं नसतं. चाकणमध्ये जे पडद्यावर पाहत होतो तेच तिथे पाहत होतो, फक्त चहा वाईट होता. नवं जे काही शिकलो ते जिन्यात.

केरवोखे म्हणजे श्वाबेनमधली आठवड्याची झाडलोटीची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर शेजारी एक छोटी पाटी अडकवून जातो. धाकटी पाळी असेल तर आपला मजला आणि खालच्या मजल्यापर्यंतचा जिना. थोरली असेल तर तळघर, अंगण, फुटपाथ, कचऱ्याच्या पिंपांची जागा. हिवाळ्यात बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत फुटपाथ मोकळा पाहिजे. या प्रकाराला मोठी परंपरा आहे. १४९२ साली, म्हणजे कोलंबस अमेरिकेला पोचला त्याच वर्षी, स्टुटगार्टच्या नगरनियमांत नागरिकांनी आपली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी असं घातलं होतं. १७१४ मध्ये गल्लीसफाईचा स्वतंत्र हुकूम निघाला. १९८८ मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, पालिकेने आपली सक्ती काढून घेतली. भाडेकरारांनी मात्र ती काढली नाही आणि तळमजल्यावरच्या आजींनी तर नाहीच नाही.

या आजींचं नाव सांगत नाही. त्या ऐंशीच्या घरात, एकट्या, ताठ कण्याच्या. जिन्याच्या तळाशी त्यांचं दार आणि त्या दारामागे त्यांचे कान. पहिल्या पाळीला मी झाडलं, ओल्या फडक्याने पुसलं, कठडासुद्धा पुसला. दोन दिवसांनी पाटी पुन्हा माझ्याच दारावर. मी समजलो, चुकून राहिली असेल. शेजाऱ्याच्या दारावर नेऊन लावली. संध्याकाळी परत माझ्या दारावर. आजींनी मला अडवून श्वाबेनच्या बोलीत बरंच काही सांगितलं. त्यातलं 'जिना' तेवढं कळलं.

रात्री आईला सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न केला, "कधी झाडलंस?" म्हटलं, कामावरून आल्यावर, रात्री साडेनऊला, कुणाला त्रास नको म्हणून हळूच. त्या इमारतीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, म्हणून त्याआधी गुपचूप उरकलं. आईने कपाळाला हात लावला. तो मला पूर्ण दिसला, कारण कपाळ तेवढंच दिसतं. "हळूच काय झाडतोस?" ती म्हणाली. "काम केलं की ते ऐकू गेलं पाहिजे. मी पहाटे उठायचे तेव्हा कळशी जरा आपटूनच ठेवायचे. तुझी आजी अंथरुणात कूस बदलायची, म्हणजे नोंद झाली. तू शनिवारी सकाळी दहाला झाड. बादली दर पायरीवर ठेव. जोरात ठेव. आणि त्यांच्या दारासमोर जरा जास्त वेळ रेंगाळ."

शनिवारी सकाळी दहाला मी बादली वाजवत तीन मजले उतरलो. आजींचं दार किलकिलं झालं, मिटलं. रविवारी संध्याकाळी पाटी समोरच्या बिऱ्हाडाच्या दारावर गेलेली होती. पुढे ऑफिसात एका मूळच्या स्टुटगार्टवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्यात काय, आमची आईपण हेच शिकवते. त्याने आणखी एक सांगितलं. श्वाबेन लोकांत तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. बोलणी बसली नाहीत म्हणजे कौतुक झालं, असं समजायचं. हे मी आईला कळवल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या आजी तिकडच्याच."

कचऱ्याबद्दल लिहायला लागलो तर हा लेख पुरणार नाही. एवढंच सांगतो की काचेच्या बाटल्यांची पिंपं तीन: पांढरी, तपकिरी, हिरवी. बाटली निळी असेल तर हिरव्यात. आणि रविवारी बाटली टाकायची नाही, आवाज होतो. ज्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर अनामतीचं चिन्ह असतं त्या दुकानातल्या यंत्रात घातल्या की २५ सेंट परत मिळतात. आमच्याकडे हे काम रद्दीवाला करतो, भाव मात्र पाडून मागतो. यंत्राशी घासाघीस करता येत नाही, ही त्यातली उणीव.

नोकरीचे पहिले सहा महिने कसोटीचे असतात. त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर तुम्हाला काढता येतं आणि तुम्हालाही जाता येतं. मी ते सहा महिने जीव मुठीत धरून काढले आणि संपले त्या दिवशी घरी फोन केला. बाबांनी पेढे आणले. आईने विचारलं, "सहाच? माझं तर अजून चालूच आहे." बाबा पेढा तोंडात तसाच ठेवून उठून गेले.

जेवणाच्या बाबतीत तिचा नियम एकच होता: पहिलं वर्ष त्यांचं खा आणि नावं ठेवू नकोस, दुसऱ्या वर्षी त्यात आपलं एक वाढ. पहिलं वर्ष सोपं गेलं, कारण नशिबाने साथ दिली. श्वाबेनचं मानाचं जेवण म्हणजे मसूर. अख्खे मसूर मऊ शिजवायचे, बरोबर अंडं घातलेल्या पिठाच्या शेवया, वर सॉसेज, आणि वाढताना मसुरांवर व्हिनेगर. ज्याचं बालपण कऱ्हाड-इस्लामपूरच्या ढाब्यांवर अख्खा मसूर खाण्यात गेलं, त्याने कँटीनमध्ये हे ताट पाहिल्यावर डोळ्यांत पाणी यावं की व्हिनेगर बघून तिळपापड व्हावा, हा प्रश्न आहे. मी नावं ठेवली नाहीत. चटणीची पुडी खिशात ठेवली. त्यांच्याकडे माउलटाशन नावाचा मोठ्या करंजीएवढा पिठाचा एक उकडलेला प्रकार असतो, आत मांस आणि पालक. उपासाच्या दिवसांत देवाला मांस दिसू नये म्हणून माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंनी ते पिठात लपवलं, अशी दंतकथा तिथे हसत सांगतात. श्रावणात हायवेला जाऊन येणारे आमचे एक काका मला तेव्हा फार आठवले.

दुसऱ्या वर्षी आपलं वाढायची संधी वाढदिवसाने दिली. तिथे ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसात केक न्यायचा असतो. मी नारळाच्या वड्या नेल्या. अकराच्या आत डबा रिकामा झाला आणि एका बाईंनी कृती मागितली, ग्रॅममध्ये. आईला विचारलं, खोबरं किती, साखर किती. म्हणाली, डोळ्याला बरोबर दिसेल इतकी. आणि किती वेळ ढवळायचं? हाताला कळेपर्यंत. मी बाईंना अंदाजाने आकडे लिहून दिले. त्यांनी त्या आकड्यांनी केल्या, त्या जमल्या, आणि आता ऑफिसच्या फळ्यावर माझ्या आईची पाककृती ग्रॅमसकट लागलेली आहे. ती वाचून आई म्हणाली, साखर जास्त आहे.

ही तुलना फार ताणू नये हे मला कळतं. मी माझ्या मर्जीने गेलो. मला पगार होता, करार होता, कायद्याने वर्षाला किमान २० दिवस रजा होती आणि कंपनी ३० देत होती. नाही पटलं तर तिकीट काढून परत येता येत होतं, आणि आलो असतो तरी चौकात कुणी काही म्हणालं नसतं. फार तर 'आईवडिलांसाठी परतला' म्हणून आणखी एक फ्लेक्स लागला असता. आईला परतीचं तिकीट नव्हतं. मी रोज रात्री फोन करायचो. तिला महिन्यातून एक अंतर्देशीय यायचं, तेही आजोबांनी आधी फोडून वाचलेलं. माहेरच्या पत्रात 'इकडे सर्व ठीक' याखेरीज काही नसायचं, कारण आजोबा वाचतात हे चिपळूणला ठाऊक होतं. मी एकदा विचारलं, मग तुला खरं कसं कळायचं? म्हणाली, "अक्षरावरून. आईचं अक्षर बारीक झालं की समजायचं, काहीतरी आहे." मी तिला स्टुटगार्टहून नेहमी 'सगळं मस्त' असं कळवत आलो आणि त्यातलं खरं किती हे तिला दर वेळी कळत होतं. अक्षर नसताना कसं, ते तिने सांगितलं नाही.

डिसेंबरात घरी आलो की मात्र तुलना पुन्हा जमायला लागते. पुरुषाला माहेरपण नसतं असं म्हणतात. त्याने एकदा परदेशी नोकरी करून पाहावी. सकाळी कुणी उठवत नाही. आवडीचं करून वाढतात आणि समोर बसून बघतात. आत्या येते, दंड चाचपते, "वाळलास" म्हणते. शेजारच्या काकू तिथे कसं आहे विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःच्या भाच्याचं कॅनडातलं सांगतात. पहिले आठ दिवस असे जातात. नवव्या दिवशी मी न सांगता उठून अंगण झाडायला घेतलं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "बादली वाजली नाही."

आता हे प्रकरण एकट्यादुकट्याचं राहिलेलं नाही. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेंबर्गशी, म्हणजे स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्याच प्रांताशी, कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला; सुरुवातीचा आकडा १० हजारांचा जाहीर झाला. परिचारिका, वाहनचालक, वायरमन, प्लंबर. त्यांच्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग ही योजनेची पहिली पायरी. ते चांगलंच आहे. विभक्तिप्रत्यय यायला हवेत. पण माझी संबंधितांना एक विनंती आहे. त्या वर्गांत आठवड्याचा एक तास वेगळा काढा आणि त्या तासाला गावातल्या एखाद्या थोरल्या सुनेला शिकवायला बोलवा. परक्या घरात पहिल्या दिवशी काय करावं, काय करू नये, कुठे गप्प बसावं आणि बादली कुठे आपटावी, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मानधन मात्र तासाप्रमाणे आणि रोख द्या. या कामाचे पैसे तिला अजून कुणी दिलेले नाहीत.